रिपोर्ट नॉर्मल, मग डोकं का चालत नाही?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे 'अं', 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज फोंडाघाटातनं बोलतोय, घरून. मागे पत्र्यावरचा पाऊस ऐकू येईल, मधेच घाट चढणाऱ्या एखाद्या ट्रकची घरघर येईल. ती काढून टाकलेली नाही, चालवून घ्या.

सुरुवात क्रिकेटपासून करू. ३१ जानेवारी २०२५, पुण्याजवळचं गहुंजे स्टेडियम, भारत-इंग्लंड चौथी टी-ट्वेंटी. शेवटच्या षटकात जेमी ओव्हरटनचा चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. त्याने त्यानंतरही एक चेंडू खेळून काढला. मग इनिंग ब्रेकमध्ये डोकं दुखत असल्याचं सांगितलं, आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला. राणाने तीन विकेट घेतल्या आणि पुढचे चार दिवस आपण सगळे एकाच गोष्टीवर भांडत होतो: बॅटिंग ऑलराउंडरच्या जागी फास्ट बॉलर, हे 'लाइक फॉर लाइक' कसं? आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर दोघांनी ग्रुप सोडला.

त्या सगळ्या गोंधळात मला पडलेला प्रश्न वेगळाच होता. दुबेच्या मेंदूला धक्का बसलाय हे ठरवतात कसं? त्यात मशीन कुठलं असतं?

तर मशीन जवळपास नसतंच. कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घ्यायचा नियम आयसीसीने १ ऑगस्ट २०१९ पासून आणला, पण कन्कशन ओळखायची पद्धत अजूनही मुख्यतः तीच आहे: डॉक्टर प्रश्न विचारतात, तोल बघतात, काही शब्द सांगून थोड्या वेळाने परत म्हणायला लावतात, त्रास काय होतोय ते ऐकून घेतात. चंद्रावर यान उतरवलेल्या देशात, कोट्यवधींच्या खेळात, निर्णय शेवटी 'डोकं दुखतंय का रे?' या प्रश्नावर येऊन थांबतो.

म्हणून आजचा विषय: मेंदूच्या लहरी, म्हणजे ईईजी, घेऊन हा सौम्य मार पकडता येतो का?

आधी 'सौम्य' म्हणजे काय ते बघू, कारण हा शब्द फसवा आहे. डॉक्टरांकडे ग्लासगो कोमा स्केल नावाची गुणपद्धत असते, ३ ते १५. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितलेलं करतो का, यावर गुण. १३ ते १५ आले, बेशुद्धी असलीच तर अर्ध्या तासाच्या आत संपली, आणि आसपासचं काही न आठवण्याचा काळ एका दिवसाच्या आत राहिला, तर दुखापत 'सौम्य'. डोक्याला मार लागून दवाखान्यात येणाऱ्यांपैकी बहुसंख्य याच गटातले असतात. हे 'सौम्य' जीव जाण्याच्या शक्यतेच्या मानाने आहे. रोजच्या जगण्याला ते सौम्य असेलच असं नाही.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हा सरकारी आकडा. पण गाडी घसरली, उठून कपडे झटकले, घरी आला आणि मग महिनाभर हिशेब जमेना, अशांची मोजणी कोण करतो? देवगड-निपाणी रस्त्यावर, आमच्या घाटात, पावसाळ्यात असे किती जण उठून कपडे झटकतात ते इथल्या कुठल्याही चहावाल्याला विचारा.

माझ्या मावसभावाचं सांगतो. तो कणकवलीत एका गोदामात बिलिंग बघतो. गेल्या वर्षी जुलैमध्ये दाजीपूरकडून खाली येताना वळणावर बाईक घसरली. हेल्मेट होतं, आणि ते डोक्यातच होतं, आरशाला अडकवलेलं नव्हतं. बेशुद्ध पडला नाही. उलटी एक झाली. दवाखान्यात नेला, सीटी काढला, सीटी स्वच्छ. 'सगळं नॉर्मल आहे, घरी जा.' इथपर्यंत कुणाचंच काही चुकलेलं नाही, हे मुद्दाम सांगतो.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्याला उजेड सोसेना. मावशीने मिक्सर लावला की तो खळ्यात जाऊन बसायचा. कामावर गेला तर कॉलम जुळेनात. एकच बिल तीनदा करायचा आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा. मालक म्हणाला, रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग काय? घरातलीच काही माणसं म्हणाली, नाटकां करता. तो मला फोनवर म्हणाला, 'रिपोर्ट नॉर्मल आसा, मगे माका असा कित्याक होता?'

सीटी स्कॅन हा फोटो आहे. त्यात रक्त साचलेलं दिसतं, हाड मोडलेलं दिसतं. ते दिसणं फार महत्त्वाचं, त्यावर जीव अवलंबून असतो. पण मेंदूला झटका बसतो तेव्हा पेशींचे लांब धागे ताणले जातात, पोटॅशियम पेशीच्या बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं, आणि ते परत जागेवर नेण्यासाठी पेशी एकदम जास्त ऊर्जा मागते, नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. हे सगळं फोटोत येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरचा डबा बाहेरून धड आहे, वायर तुटलेली नाही, पण आत सगळं टाइमआउट होतंय. डब्याचा फोटो काढून ते कळणार नाही, चालू असतानाचा लॉग बघावा लागतो. ईईजी हा तो लॉग.

हा लॉग पहिल्यांदा माणसाच्या डोक्यावरून घेतला हान्स बर्गर यांनी, जर्मनीतल्या येना गावी, १९२४ मध्ये. जगासमोर मांडला १९२९ मध्ये, म्हणजे पाच वर्षं त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. त्यांची एक गोष्ट या विषयाला इतकी चपखल बसते की सांगितल्याशिवाय राहवत नाही. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचले. त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली, कारण बहिणीला वाटलं होतं की भावाला काहीतरी झालंय. बर्गरना वाटलं, मनातलं काहीतरी मैलोन्‌मैल प्रवास करून गेलं. ते शोधायला ते मेंदूशास्त्रात शिरले. मनाची तार काही सापडली नाही, पण डोळे मिटून शांत बसलं की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला दहाच्या आसपास उठणारी लहर सापडली. तिचं नाव अल्फा.

आता ही लहर किती बारीक असते ते बघा. रिमोटमधला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. ईईजीची लहर साधारण ५० मायक्रोव्होल्ट धरली, तर सेल तिच्या तीस हजार पट. पापणी मिटली तरी त्याचा सिग्नल मेंदूच्या लहरीपेक्षा मोठा येतो. दात आवळले, मान ताठ केली, भिंतीतल्या वायरीतला ५० हर्ट्‌झचा करंट शेजारून गेला, सगळं त्यात उमटतं. आयुष्यात मी जितका सिग्नल बघितलाय त्यात इतका लाजाळू सिग्नल दुसरा नाही.

मग मार लागल्यावर या लहरींमध्ये काय बदलतं? पहिल्या काही तासांत आणि दिवसांत लहरी संथ होऊ शकतात. सेकंदाला चार ते आठ वेळा उठणाऱ्या थीटा लहरी वाढतात, अल्फाचा वेग थोडा उतरतो. पुढच्या काही आठवड्यांत तो एक-दोन हर्ट्‌झने वर चढून मूळ जागी येतो. बहुतेकांचा ईईजी काही आठवडे-महिन्यांत पूर्ववत होतो. २००५ मध्ये मार्क न्यूवर आणि सहकाऱ्यांनी तोवरचा सगळा अभ्यास एकत्र करून हे मांडलं, आणि सोबत एक थंड पाण्याची बादलीही ओतली: सौम्य माराची अशी खास, दुसऱ्या कशातच न दिसणारी खूण ईईजीमध्ये नाही. त्यातही मार लागून बरेच दिवस गेले असतील तर नाहीच.

यातली खरी अडचण अल्फाच्या आकड्यातच आहे. अल्फाची नॉर्मल रेंज ८ ते १३ हर्ट्‌झ. समजा, एखाद्याची अल्फा मुळात ११ वर चालायची आणि मार लागल्यावर ९ वर आली. त्याच्यासाठी ही मोठी घसरण आहे. पण रिपोर्ट लिहिणारा ९ बघतो, ९ रेंजमध्ये आहे, लिहितो 'नॉर्मल'. त्याचं काही चुकलेलं नाही. त्याच्याकडे तो ११ कधी आलाच नव्हता. कालचा कोड नसेल तर आजच्या कोडमध्ये काय बदललं ते डिफ काढून दाखवणार कसं?

आमच्या भावाचं नेमकं हेच झालं. तिसऱ्या आठवड्यात ईईजी काढला. मी त्यांच्याकडून कागदासोबत डिजिटल फाइल मागून घेतली. ईडीएफ नावाच्या फॉरमॅटमध्ये मिळते, १९९२ पासूनचा जुना फॉरमॅट आहे, आणि पायथॉनमध्ये एमएनई नावाची फुकट लायब्ररी ती उघडते. रात्री बसून डोळे मिटलेला भाग कापला, पापण्यांचा कचरा काढला, आलेख काढला. शिखर ९ च्या जरासं वर. एवढंच. चांगलं म्हणू की वाईट? त्याची मुळातली अल्फा कुणालाच माहीत नव्हती, त्यालाही नाही. मी लॅपटॉप मिटला आणि झोपलो. इंजिनियरला हे पचायला जड जातं की डेटा हातात आहे, स्वच्छ आहे, आणि तरी उत्तर नाही.

त्याच सुमारास कुणीतरी त्याला शहरातल्या एका 'ब्रेन मॅपिंग' सेंटरचा फोटो पाठवला. लाल-निळं डोकं, लाल म्हणजे बिघाड, निळं म्हणजे काहीतरी अजून. हजारो रुपयांचं पॅकेज. इथे मी थोडा चिडून बोलणार आहे. ईईजीचं गणित मांडून रंगीत नकाशा काढणं यात चूक काही नाही, मीही काढतो. पण अमेरिकेतल्या मेंदूविकार तज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ मध्येच सांगितलं होतं की सौम्य डोक्याच्या दुखापतीचं निदान या नकाशावरून करू नका. कारण साधं आहे: झोप आली तरी थीटा वाढतो, झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्यांनी बीटा वाढतो. रात्रभर एसटीत बसून आलेल्या माणसाचा नकाशा काढाल तर तोही लाल-निळा येईल. रंग पाहिला की आपल्याला पुरावा वाटतो.

आणि महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. याच टोप्या, याच तारा पोलीस तपासात वापरल्या जायच्या. आरोपीला गुन्ह्याची वाक्यं ऐकवायची आणि मेंदूत 'अनुभवाची आठवण' उमटते का ते बघायचं. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खुनाच्या खटल्यात हा रिपोर्ट शिक्षेच्या निकालात आला आणि जगभर त्यावर लिहिलं गेलं. पुढे मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं की अशी चाचणी माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. विषय वेगळा आहे, कबूल. पण लाजाळू सिग्नलकडून त्याच्या ताकदीबाहेरचं वदवून घेतलं की काय होतं, ते यात दिसतं.

मग काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्यासारख्या गावाला लागू पडू शकतो.

अमेरिकेत ब्रेनस्कोप नावाचं हातात मावणारं यंत्र आहे. कपाळाला इलेक्ट्रोड लावायचे, डोळे मिटून काही मिनिटं बसायचं, यंत्र लहरींमधले अनेक गुण एकत्र करून सांगतं. तिथल्या एफडीएने या मालिकेतल्या यंत्राला पहिली परवानगी २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये दिली, पुढची सुधारित २०१६ मध्ये. पण ते विचारत असलेला पहिला प्रश्न नीट ऐका. 'कन्कशन आहे का' हा तो प्रश्न नाही. 'या माणसाच्या डोक्यात सीटीवर दिसेल असं काही असण्याची शक्यता आहे का', म्हणजे याला सीटीला पाठवू की नको, हा प्रश्न आहे. कन्कशनसाठीचा वेगळा निर्देशांक त्यांनी २०१९ मध्ये आणला.

२०१७ मध्ये याचा मोठा अभ्यास छापून आला: ११ रुग्णालयं, ७२० रुग्ण. सीटीवर खरोखर दुखापत असलेल्यांपैकी ९२ टक्के यंत्राने पकडले. दुखापत नसलेल्यांपैकी साधारण ५२ टक्क्यांना 'नाही' म्हटलं, बाकीच्यांना उगाच 'आहे' म्हटलं.

हे आकडे आता फोंडाघाटात आणू. उदाहरणासाठी धरू की घाटात पडलेले, पण शुद्धीत असलेले १०० जण आले आणि त्यातल्या १० जणांच्या डोक्यात खरंच रक्त आहे. यंत्र ९ पकडेल, १ सुटेल. उरलेल्या ९० पैकी ४६-४७ जणांना 'घरी जा' म्हणेल, ४३-४४ जणांना उगाच सीटीला पाठवेल. म्हणजे १०० पैकी जवळपास निम्म्यांची कणकवलीची फेरी, सीटीचा खर्च आणि रेडिएशन वाचलं. पावसात, रात्री, रिक्षा मिळत नसताना ही छोटी गोष्ट नाही. पण त्या घरी गेलेल्यांमध्ये तो एक सुटलेला आहे.

अमेरिकेतल्या शहरात तो एक जण रात्री बिघडला तर अॅम्ब्युलन्स आणि न्यूरोसर्जन बऱ्यापैकी जवळ असतात. इथे त्याला बहुतेकदा घाट चढून कोल्हापूर नाहीतर खाली गोव्यात बांबोळी. यंत्र तेच, ९२ टक्के तेच, पण त्या आठ टक्क्यांची किंमत गावागणिक बदलते. म्हणून 'परदेशात मान्यता मिळालेलं मशीन आणा' एवढं म्हणून माझं समाधान होत नाही. आपल्याकडच्या माणसांवर, आपल्याकडच्या अंतरांसह ते तपासलं पाहिजे, आणि 'घरी जा' म्हटलेल्यावर रात्रभर नजर ठेवायची सोय हवी. तेवढं झालं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात असं यंत्र बघायला मला मनापासून आवडेल.

याच कामासाठी रक्ताची चाचणीही आलीय, जीएफएपी आणि यूसीएच-एल१ नावाची दोन प्रथिनं मोजतात, एफडीएने २०१८ च्या फेब्रुवारीत मान्य केली. तिचाही प्रश्न तोच: सीटी काढू की नको. तिच्यावर वेगळा भाग करू.

दुसरी एक पद्धत मला इंजिनियर म्हणून जास्त आवडते. कानात एकसारखे टिक टिक आवाज द्यायचे आणि मधेच एखादा वेगळा. वेगळा आवाज ऐकल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदू एक लहर उठवतो, 'अरे, हे नवीन काय?' तिचं नाव पी३००, १९६५ मध्ये सॅम्युअल सटन यांनी दाखवलेली. कन्कशन झालेल्यांच्या गटात ही लहर बुटकी किंवा उशिरा आलेली अनेक अभ्यासांत दिसते. लॉग वाचत बसण्यापेक्षा सर्व्हरला पिंग करून बघणं, असं हे आहे. पण 'गटात' हा शब्द विसरू नका. शंभर जणांची सरासरी हलली म्हणून समोर बसलेल्या एकाचं निदान होत नाही. खेळातल्या कन्कशनवरचं तज्ज्ञांचं आंतरराष्ट्रीय निवेदन २०२३ मध्ये आलं, तेही अशा प्रगत चाचण्यांना अजून संशोधनाच्याच खात्यात ठेवतं.

भावाचं निदान शेवटी झालं ते एका डॉक्टरांनी त्याच्याशी वीसेक मिनिटं बोलून. त्याला महिन्यांची नावं उलटी म्हणायला लावली, तो 'ऑगस्ट'नंतर अडकला. एका पायावर उभं केलं. कधी जास्त दुखतं, झोप कशी, चिडचिड कुणावर होते, सगळं विचारलं. आणि कागदावर लिहून दिलं की सीटी आणि ईईजी नॉर्मल असले तरी मेंदूला मार लागला आहे, काही आठवडे अर्धा दिवस काम, स्क्रीन कमी, बाईक नाही. तो कागद त्याने मालकाला दाखवला. मावशीनेही वाचला, दोनदा. त्यानंतर मिक्सर सकाळी तो उठायच्या आधीच लागायला लागला. सप्टेंबर संपता संपता तो पूर्ण दिवस जायला लागला.

आता ज्यासाठी फोन हातात घेऊन हे ऐकताय ते. कुणी डोक्यावर पडलं आणि शुद्धीत असलं तरी दोन किंवा जास्त उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, कानातून-नाकातून रक्त किंवा पाणी, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद कमी होणं, पडण्याआधीचा अर्धा तास अजिबात न आठवणं, वय ६५ च्या पुढे, किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू: यातलं एक जरी असलं तर ईईजी-बीईजीचा विचार करत बसू नका, जिथे सीटी आहे तिथे गाडी वळवा. रात्रीच. पहिली रात्र अशा माणसाला एकटं झोपू देऊ नका.

हे काही नाही, सीटी नॉर्मल, पण आठवडा झाला तरी डोकं जागेवर नाही, तर कागदावर रोज लिहा: किती दुखलं, किती झोप, कुठलं काम अडलं. डॉक्टरांपुढे तो कागद ठेवा. लहरींपेक्षा आज तरी तो जास्त बोलतो. आणि कुठल्याही कारणाने ईईजी निघालाच, फिट येते म्हणून, चक्कर येते म्हणून, तर पेन ड्राइव्ह सोबत न्या आणि फाइल मागा. ती जपून ठेवा. उद्या कधी घाटात गाडी घसरली तर तुमचा तो ११ की ९ निदान कुठेतरी लिहिलेला असेल.

भावाने या जूनमध्ये, पूर्ण बरा असताना, परत एकदा ईईजी काढून घेतला. खर्च त्याचाच, हट्ट माझा. फाइल कालच मिळालीय, अजून उघडलेली नाही. हा भाग अपलोड झाला की बसतो. तुमच्यापैकी कुणाला डोक्याला मार लागून असं काही झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव नको असेल तर तसं सांगा. चला, पाऊस वाढलाय, वीज जायच्या आत सेव्ह करतो.